दोन पगार, एकच बाजार

सुरतेच्या भेस्तानमध्ये मंदी येते तेव्हा तिची पहिली खूण बहुतेक वेळा कारखान्याच्या दारावर दिसत नाही, घराच्या ओट्यावर दिसते. रोज दुपारी साड्यांचं पोटलं मोपेडवर बांधून आणणारा माणूस एक दिवस हात हलवत येतो आणि "आज माल नाही" म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो येतच नाही. घरातली बाई स्टोन चिटकवायचा गम झाकून ठेवते, चटई गुंडाळते आणि मनात म्हणते, चार दिवसांची गोष्ट आहे. मग पंधरा दिवसांनी नवरा सांगत येतो की लूमची रात्रपाळी बंद झाली.

ही दोन संकटं वाटतात, पण ते एकच आहे. भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यातल्या लूमवर विणलेलं कोरं कापड, इथल्या भाषेत 'ग्रे', रंगाई-छपाईच्या मिलमध्ये जातं. तिथून ते रिंग रोडच्या मार्केटमध्ये पोचतं, व्यापारी ते भरतकामाच्या मशीनवर पाठवतो, आणि मशीनवरून उतरलेली साडी धागा कटिंगला, लेस लावायला, टिकल्या-स्टोन चिटकवायला घराघरांत येते. म्हणजे नवऱ्याने विणलेलं कापड तीन-चार हात फिरून बायकोच्या मांडीवर येतं. रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याने ऑर्डर थांबवली की साखळीची दोन्ही टोकं एकदम ढिली पडतात. घरात दोन कमावते हात आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत असं त्या घराला वाटत असतं, पण दोन्ही हातांचा पैसा एकाच पेटीतून येत असतो.

या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बेकारीच्या काळात जोडउत्पन्न हवं, हे सगळेच सांगतात. ते कुणाच्या खिशातून येणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

भेस्तान हे मुंबईच्या दिशेनं उधन्याच्या पुढचं स्टेशन. उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे जाणारी रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोचते, आणि याच वाटेनं खानदेशची माणसं सुरतेत आली. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसरा, भेस्तान असा त्यांचा पसारा आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा त्यांच्या मुलांनी भरल्या, श्रावणात कानबाई इथल्या गल्ल्यांतही बसते. या माणसांनी मंदी पुष्कळ पाहिली आहे. 2017 च्या जुलैमध्ये जीएसटीविरोधात कापड मार्केट बंद होतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीनं सगळंच थांबवलं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं आणि आधीच मंदावलेल्या हिऱ्याच्या कारखान्यांना त्याचा मोठा फटका बसला. कारणं दरवेळी वेगळी असतात, पण एका गल्लीतल्या बऱ्याच घरांवर ती एकाच वेळी कोसळतात. त्यामुळे शेजाऱ्याकडून उसने मिळायचीही सोय राहत नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे वही. जमाखर्च लिहा हा उपदेश शंभर वेळा ऐकलेला असतो, पण बेकारीतली वही वेगळी असते. नोकरी असताना आपण महिन्याचा हिशेब मांडतो, नोकरी सुटल्यावर दिवसांचा मांडावा लागतो. एक घर धरू. महिन्याचा अगदी न टळणारा खर्च 13,000 रुपये: भाडं, किराणा, वीज, गॅस, शाळा, आईची औषधं. हातात शिल्लक 18,000. बायकोची घरबसल्या कमाई 3,000. दरमहा तूट 10,000 पडते, म्हणजे 18,000 रुपये 54 दिवस पुरतील. आता बायकोचं कामही थांबलं असं धरा. तेच पैसे 41 दिवसांत संपतात. उलट तिचं काम चालू राहिलं आणि खर्चातून 2,000 कमी झाले, तर 67 दिवस मिळतात. 'काटकसर करा' या शब्दांनी कुणाचा हात थांबत नाही, पण दोन हजार वाचवले तर आणखी तेरा दिवस काम शोधता येतं, हे कळल्यावर थांबतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर रुपयांआधी दिवस लिहावेत आणि दर आठवड्याला तो आकडा बदलावा.

वही घरातल्या सगळ्यांसमोर उघडी असावी, असंही मला वाटतं. अनेक घरांत नवरा पंधरा दिवस नोकरी गेल्याचं सांगतच नाही, डबा घेऊन निघतो आणि स्टेशनवर बसून परत येतो. लाज वाटते हे समजू शकतं. पण त्या पंधरा दिवसांत घर जुन्याच हातानं खर्च करत राहतं, आणि 54 दिवसांतले 15 तिथेच जातात.

दुसरं काम कारखान्यातला हिशेब. वर्षभरात 240 दिवस भरलेल्या कामगाराला मालकानं कपात केली, तर दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणं कायद्यात आहे. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. अडचण अशी की लूम खात्यात पुष्कळांकडे हजेरीचा कागदच नसतो, आणि शेवटच्या दिवशी 'राजीनामा' लिहिलेल्या कागदावर सही घेतली जाते. स्वतःहून सोडलेल्या नोकरीला कपातीची भरपाई मिळत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आणखी एक दार आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै 2018 मध्ये सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा, अशी ती मदत आहे. आधीची काही वर्षं विमा आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असणं ही अट आहे. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआयच्या शाखेत जाऊन आजची स्थिती विचारावी. पीएफला मात्र शेवटी हात लावावा, आणि त्यातला पेन्शनचा भाग तर काढूच नये. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तो भाग काढून घेतला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता स्वयंपाकघर. 1857 मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं दाखवलं की घराचं उत्पन्न जितकं कमी, तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. भारताच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भागात हा वाटा सुमारे 40 टक्के आणि ग्रामीण भागात 47 टक्के निघाला. नोकरी गेली की शहरातलं घर काही महिन्यांत गावाच्या आकड्याकडे सरकतं, कारण बाकीचे खर्च तोडता येतात, भूक तोडता येत नाही. म्हणूनच खाण्यातली बचत भावाची असावी, ताटाची नसावी. सगळ्यात मोठी बचत तर फुकट मिळणाऱ्या धान्यात आहे, आणि ती खानदेशी घरांच्या हातातून वर्षानुवर्षं सुटत होती. शिधापत्रिका गावची, राहणं सुरतेत. देशात कुठेही धान्य उचलता यावं यासाठी एक देश एक रेशन कार्ड ही सोय झाली, तेव्हा ऑगस्ट 2019 मध्ये सुरुवातीला जोडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. नंदुरबारच्या कार्डावर भेस्तानच्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, आणि गावातल्या आई-वडिलांनी आपला वाटा तिकडे, मुलानं आपला इकडे उचलला तरी चालतं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो, जानेवारी 2023 पासून मोफत. पाच माणसांच्या घराला 25 किलो. कार्डावर सगळ्यांची नावं आणि आधारची पडताळणी पूर्ण आहे ना, हे नोकरी असतानाच पाहून ठेवावं. बेकारीत गावाला जायचं तर भाड्याचे पैसेही मोजावे लागतात.

गावची ज्वारी, दादर, तूर आखाजीच्या सुमाराला पोत्यानं आणून ठेवायची रीत अजून अनेक घरांत आहे, ती मोडू नये. सुट्या किराण्यात माणूस पिशवीमागे पैसे मोजतो. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापत्ती रोज आणणाऱ्या घराला तेच तेल महिन्याचं आणणाऱ्यापेक्षा महाग पडतं, कारण एकदम घ्यायला त्याच्याकडे रक्कम नसते. यावर गल्लीतला एक सोपा उपाय आहे. तीन घरांनी मिळून 15 किलोचा तेलाचा डबा घ्यायचा आणि मापानं वाटून घ्यायचं. काय कमी करू नये, हेही सांगायला हवं. डाळ, मुलांचं दूध, अंडं. आणि बाईचं स्वतःचं जेवण. काटकसर सुरू झाली की सगळ्यांत आधी तिचं ताट आटतं. ती कुणाला सांगत नाही आणि वहीत ते कुठे दिसतही नाही.

उसनवारीचं गणित मी थोडं सविस्तर मांडतो, कारण घरं खर्चानं जितकी बुडतात त्याहून अधिक व्याजानं बुडतात. 'शेकडा पाच' हे ऐकायला बारीक वाटतं, पण तो महिन्याचा दर असतो. 10,000 रुपयांवर महिन्याला 500, सहा महिन्यांत 3,000 दिले तरी मूळ 10,000 तसेच उभे. वर्षाचा दर 60 टक्के. रोजच्या वसुलीचं कर्ज याहून फसवं असतं. हातात 9,000 मिळतात आणि 100 रुपये रोज असे 100 दिवस फेडायचे. हजारच तर जास्त गेले, असं वाटतं. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून फिटत जातं, म्हणजे सरासरीनं आपल्याकडे साडेचार हजारांच्या आसपासच पैसे असतात, आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज. वर्षाच्या हिशेबानं हा दर 80 टक्क्यांच्या आसपास जातो. आणि ज्याला रोजचं उत्पन्नच नाही त्यानं रोजचा हप्ता घेणं फार जीवघेणं आहे.

त्या मानानं बँकेत सोनं ठेवून काढलेलं कर्ज पुष्कळ स्वस्त. मंगळसूत्र गहाण ठेवायचं दुःख मला कमी लेखायचं नाही, पण सराफाकडे मोडण्यापेक्षा किंवा सावकाराकडे ठेवण्यापेक्षा पावतीसह बँकेत ठेवलेलं परत येण्याची आशा जास्त असते. भिशी असेल तर मंडळातल्या बायकांना मोकळेपणानं सांगून आपला नंबर आधी मागावा. मात्र पुढचे हप्ते चुकले तर तोटा पैशापुरता राहत नाही, पुढच्या वर्षी त्या घराला कुणी भिशीत घेत नाही. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' हे 2009 चं पुस्तक बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक घरांच्या वर्षभराच्या पैशांच्या नोंदींवर उभं आहे. त्यातून दिसतं ते असं की गरीब घराची अडचण केवळ उत्पन्न कमी असण्याची नसते, ते कधी येईल याचा नेम नसण्याचीही असते. म्हणून अशी घरं एकाच वेळी उसने घेतात, उसने देतात, कुठेतरी साठवतात, दुकानदाराकडे मांडून ठेवतात. भेस्तानमधली कोणतीही गृहिणी हे वाचून म्हणेल की यात नवीन काय.

आता जोडधंदा. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या तावडीतून काढून राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. फार मोठं काम. पण या बायकांचं गिऱ्हाईक गिरणी कामगारच होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले, आणि ज्या घरातला पुरुष संपावर त्याच घरातल्या खाणावळीची पानंही रिकामी राहिली. भेस्तानमध्ये बेकार झालेल्या घरानं लूमवरच्या एकट्या कामगारांसाठी डबे सुरू करावेत, हे म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. डबे करावेत, पण ते दवाखान्यातल्या नर्सला, शाळेतल्या शिक्षिकेला, बँकेतल्या कारकुनाला, एकट्या राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला. त्यांचा पगार रिंग रोडवरून येत नाही.

खानदेशी घराच्या हातात असे पदार्थ आहेत की ज्यांना कापडाच्या बाजाराशी देणंघेणं नाही. ज्वारीचं पीठ शिजवून त्यात तीळ, लसूण, मिरची घालून कापडावर थापलेले बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, खापरावरचे मांडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ. सुरतेत लाखो खानदेशी आणि त्यांतल्या कितीतरी घरांत आता गच्ची नाही, वेळ नाही, सासू गावी आहे. बिबड्यांना फाल्गुन ते वैशाखाचं ऊन हवं, पावसाळी दमट हवेत ते साधत नाहीत, म्हणजे हे वर्षभराचं काम नाही, पण नेमकं दिवाळीनंतरच्या सुस्तीपाठोपाठ येणारं आहे. विकण्यासाठी खाद्यपदार्थ करताना अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी लागते. छोट्या उलाढालीला तिची फी वर्षाला 100 रुपये आहे. याशिवाय फॉल-पिको आणि अल्टरेशन, प्राथमिकच्या मुलांची शिकवणी, बाळंतिणीची आणि आजाऱ्याची देखभाल ही कामं गल्लीच्या स्वतःच्या गरजेवर चालतात. भाजीची गाडी लावायची असेल तर पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज आता 15,000 रुपयांपर्यंत मिळतं आणि ते वेळेवर फेडलं की पुढचं 25,000 पर्यंत.

कोणतंही काम धरलं तरी एक भागाकार करावा. साड्यांचे नगावर पैसे मिळतात, म्हणून बाई नग मोजते, तास मोजत नाही. समजा दिवसाला 90 रुपये सुटले. त्यातून गमाचे आणि दिव्याच्या विजेचे 10 गेले, डाग पडलेल्या एका साडीचे 8 कापले. उरले 72. ते सकाळी दोन, दुपारी चार आणि रात्री तीन अशा नऊ तासांचे. तासाला 8 रुपये. हाच भागाकार बिबड्यांचा, डब्यांचा, शिकवणीचा करून पाहिला की कोणतं काम धरायचं आणि कुठे भाव वाढवून मागायचा हे कळतं. नगांची नोंद स्वतःच्या वहीतही असावी, आणि पोटलं नेताना त्यावर नेणाऱ्याची सही घ्यावी. माल कमी भरला, पैसे पुढच्या महिन्यात, हे वाद त्या सहीपाशी थांबतात. घरबसल्या काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळख मिळावी यासाठी ज्यांनी आयुष्य दिलं त्या इला भट्ट लहानपणी सुरतेतच वाढल्या होत्या. 1972 मध्ये त्यांनी अहमदाबादेत सेवा ही संघटना काढली, आणि 1974 मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक उभी केली.

या धांदलीत शाळेतल्या मुलांना स्टोन लावायला बसवलं जातं. तासाभराची मदत म्हणून सुरू होतं, मग गृहपाठ राहतो, मग शाळा. खासगी शाळेची फी झेपत नसेल तर महापालिकेच्या शाळेत घालावं, तिथे फी नाही आणि दुपारचं जेवण आहे. पण शाळा सुटू देऊ नये.

राहता राहिला बेकार पुरुषाचा वेळ. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं गाव होतं, तेही कापडाच्या एका कारखान्यावर जगणारं. 1929-30 च्या सुमाराला कारखाना बंद पडला आणि गावातल्या 478 घरांपैकी बहुतेक बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तिघांनी तिथे केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. रस्त्यानं चालताना पुरुषांचा वेग बायकांपेक्षा मंद पडला होता, मध्येच ते थांबत होते. बायकांना थांबायला सवड नव्हती, कारण घरकामातून त्यांना कुणी कमी केलेलं नव्हतं. भेस्तानच्या नाक्यावर सकाळी अकराला उभे असलेले पुरुष पाहिले की हे वर्णन आठवतं. ते आळशी नसतात, त्यांचा दिवस मोडलेला असतो. घराच्या वहीत म्हणून रुपयांशेजारी तासही लिहावेत: सकाळी नऊ ते बारा काम शोधणं, दुपारी रेशनची रांग आणि दळण, संध्याकाळी डबे पोचवणं, रात्रीची भांडी. बायकोनं डब्यांचं काम धरलं आणि नवऱ्यानं भांडी धरली नाहीत, तर ते जोडउत्पन्न दोन महिन्यांच्या वर टिकत नाही.

एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक घर विसरतं. नोकरी परत लागते त्या दिवशी पेढे वाटले जातात, पण पगार लगेच येत नाही. महिना भरायचा, मग पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला हिशेब व्हायचा. पाच तारखेला लागलेल्या माणसाच्या हातात पहिले पैसे येईपर्यंत पस्तीस दिवस जातात. इकडे दुकानदार, घरमालक, भिशीच्या बायका सगळ्यांना बातमी कळलेली असते आणि तगादा सुरू होतो. बरेच जण इथेच मुकादमाकडून उचल घेतात आणि पुढचे तीन पगार अर्धे होतात. म्हणून वहीतल्या त्या 54 किंवा 67 दिवसांतून 35 दिवस आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्या दिवसांतच काम मिळवायचं असं धरून चालावं. सुरुवातीला हा आकडा पाहून पोटात गोळा येतो. पण त्या पस्तीस दिवसांचं पीठ डब्यात असलं, की नव्या कारखान्यात पहिल्या आठवड्यातच पैसे मागायला जावं लागत नाही.